चंद्रावरचा न दचकणारा माणूस

४ तारीख, मंगळवार

आज स्टुडिओत बाँब फुटला असं समजा.

झालं असं, की बँकेतले एक साहेब पासपोर्टच्या फोटोला आले. चेहरा असा, जणू घरून इस्त्री करून घडी घालून आणलाय. स्टुडिओवाले काका नेहमीचा मंत्र म्हणाले, "मान सरळ, तोंड बंद, कान दिसू द्या." तेवढ्यात त्यांना फोन आला. बाहेर जाता जाता मला म्हणाले, "घे तू."

मी! आजवर इथे फक्त लोकांचे केस विंचरले आणि फोटो कापले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. एक पाय मागे गेला, स्टँडला लागला आणि फ्लॅशची ती भली मोठी छत्री साहेबांच्या मागे धाडकन खाली. त्याच वेळी माझं बोट बटणावर पडलं.

फोटो बघितला आणि मी गारच झाले. साहेब खुर्चीपासून वीतभर वर. भुवया टकलावर. तोंडात अख्खी वाटी जाईल. पण चेहरा? जिवंत! पतंग कटलेल्या पोराचा असतो ना, तसा.

काका म्हणाले, "काढून टाक तो. त्यांनी पाहिला तर तीच छत्री माझ्या डोक्यात घालतील."

मी हो म्हटलं. काढला नाही.

५ तारीख, बुधवार

मला एक गोष्ट कळलीये. माणूस फोटोला बसला की दुकान बंद करतो. शटर खाली. दचकला की ते शटर जरासं वर जातं आणि आतला माल दिसतो. तेवढ्यात उचलायचा. उचलेगिरी आपल्याला लहानपणापासून जमते.

८ तारीख, शनिवार

माळ्यावर चंद्र सापडला! पुठ्ठ्याचा, चंद्रकोरीच्या आकाराचा, आत लाकडी चौकट. काकांच्या वडिलांच्या काळात नवी जोडपी त्याच्यावर बसून फोटो काढायची म्हणे. चंद्राला डोळा आहे, हसू आहे, नाक मात्र उंदरांनी खाल्लंय. मी पेपरचा लगदा करून नवं नाक बसवलं. जरा मोठं झालं. चंद्राला सर्दी झाल्यासारखी वाटते.

तर बेत असा. एकेका माणसाला त्याच्या कामासकट चंद्रावर बसवायचं. नळवाले काका चंद्रावरून गळ टाकून बसलेत, आणि गळाला मासा नाही, नळ. शिवणवाल्या मावशी कापसाच्या ढगाला टाके घालतायत. आणि चंद्राच्या मागे लपलेली असणार चिमणी.

चिमणी म्हणजे माझी मैत्रीण. नावावर जाऊ नका. ती दारातून येते तेव्हा खोलीतला उजेड कमी होतो. मार्केटच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून घेते, त्यामुळे गळ्यात कायम शिट्टी. ती शिट्टी तिने फुंकली की ट्रकवाले सुद्धा ब्रेक मारतात. मी फोकस लावणार, मान हलवणार, आणि चिमणी त्या माणसाच्या कानामागे शिट्टी फुंकणार. बस्स. खेळ खल्लास.

काकांना अर्धाच बेत सांगितला. चंद्राचा. शिट्टीचा नाही. ते बराच वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "शोकेस एक आठवडा तुझी. लोकांना आवडलं तर बाहेरच्या कामाला तुला कॅमेरा देईन. एका जरी गिऱ्हाइकाची तक्रार आली, तर तू आणि तुझा चंद्र दोघं भंगारात."

माझी तर बोलतीच बंद. माझी! चिमणीला सांगितलं तर ती म्हणाली, "तारीख लिहून ठेव."

९ तारीख, रविवार

घरी सांगितलं. आई म्हणाली, "दहावीला दोनदा आपटलीस, आता चंद्रावरून आपट." पप्पा नुसते हसले.

पप्पांचा स्वभाव हल्ली फार निवळलाय. लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर असतात ते, दिवसभर ओंडके कापून घरी यायचे ते तापलेलेच. मी न्हाणीघरात गाणं म्हटलं की दार बडवायचे. आता कितीही बेसूर गा, एक शब्द नाही. काल तर मी पाठीमागून हळूच "खडूस" म्हणून बघितलं. शांतपणे पेपर वाचत होते. टीव्ही पण आवाज बंद करून बघतात. "बातम्यांत ऐकण्यासारखं असतं काय?" म्हणतात. पटलं मला.

आईचं तर विचारूच नका. ती हल्ली पप्पांना हाक मारत नाही. जेवायला बोलवायचं झालं की दिवा चालू-बंद करते, नाहीतर उठून त्यांच्यापाशी जाते आणि खांद्यावर हात ठेवते. ह्या वयात! मी म्हटलं, "आई, घरात वयात आलेली मुलगी आहे, जरा भान ठेवा." तिने पळी उगारली. पण मग तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. कांदा चिरत होती बहुतेक.

११ तारीख, मंगळवार

नळवाले काका आणि शिवणवाल्या मावशी, एका दिवसात दोघं गारद!

नळवाले काका आधी फार ऐटीत. "माझा डावा चेहरा चांगला आहे," म्हणे. शिट्टी वाजली आणि गळ, नळ, पक्कड सगळं हवेत. त्यांनी चंद्राच्या नाकाला जी मिठी मारली ती सोडेचनात. नाक हातात आलं. फोटो असा आलाय की बस्स. मग स्वतःच पोट धरून हसले आणि बायकोला फोन करून सांगितलं, "अगं, मी चंद्राचं नाक तोडलं."

मावशींनी किंकाळी फोडली. फोटोत कापूस उडालाय आणि मावशी त्यात लहान मुलीसारख्या दिसतायत. नंतर त्या चिमणीच्या मागे टेप घेऊन धावल्या. सुई कुठे टोचली ते त्यांनी आम्हाला सांगितलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्टुडिओवाल्या काकांना शिट्टीचं कळलं. ते दारातच उभे होते. त्यांनाही जिवंत माणसाचा चेहरा फार दिवसांनी दिसला असावा, कारण ओरडले नाहीत. "पुढच्या वेळी मला आधी सांग," एवढंच. छातीवर हात होता.

१४ तारीख, शुक्रवार

आज जे झालं ते लिहू का नको. लिहितेच.

शाळेतल्या माझ्या बाई रिटायर झाल्या. त्यांना चांगला फोटो हवा होता. मी त्यांना चंद्रावर बसवलं, हातात लाल पेन दिलं आणि वर दोऱ्याने चांदण्या टांगल्या. बाई चांदण्या तपासतायत, काहींवर बरोबरची खूण, काहींवर फुली. बाईंना कल्पना आवडली. "डोकं होतं गं तुला, वापरलं नाहीस," म्हणाल्या. मग चिमणीने शिट्टी फुंकली.

बाईंच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला. मला सातवीत ज्या शब्दासाठी त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं, तोच.

सगळे पुतळे. चांदण्या तेवढ्या हलत होत्या.

बाई म्हणाल्या, "हे कुठे बोलायचं नाही."

मी म्हटलं, "नाही बाई. पण उच्चार एकदम शुद्ध होता."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. तो फोटो शोकेसमध्ये लावायला त्यांनी स्वतः हो म्हटलं. "चेहरा लाव, शब्द लावू नकोस."

१५ तारीख, शनिवार

पप्पांचा नंबर. सुट्टी होती, ओढून आणलं.

ही कल्पना माझी सगळ्यात भारी. पप्पा चंद्राच्या टोकावर बसलेत, हातात करवत, आणि ज्या चंद्रावर बसलेत तोच कापतायत. पायाखाली भुसा. भुसा खरा, वखारीतला, त्यांच्याच खिशातून निघाला.

पप्पा फोटोला फार गुणी. बाकीचे लोक लेन्सकडे बघून डोळे वटारतात. पप्पा पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. मी "मान थोडी खाली" म्हटलं की खाली. कॅमेऱ्यामागे तोंड लपलं की मात्र "काय? काय म्हणालीस?" म्हणून विचारायचे. मी मान हलवली. चिमणीने त्यांच्या उजव्या कानामागे फुंकली.

बाप रे बाप! मला माहीत असून मी उडाले. काकांच्या हातातला चहा सांडला. बाहेरून जाणारा सायकलवाला थांबला.

आणि पप्पा? ढिम्म. पापणी सुद्धा हलली नाही. करवत तशीच. उलट माझ्याकडे बघून मिश्कील हसले. मी पुन्हा खूण केली, चिमणीने गाल फुगवून पुन्हा फुंकली. पप्पा म्हणतात, "झालं का गं? पाय आखडले माझे."

चिमणी चंद्रामागून घामाघूम होऊन बाहेर आली. "तुझा बाप आहे का डोंगर?"

मी तर अजून सावरले नाहीये. अख्ख्या गावाला दचकवलं आणि वाघ निघाला तो माझ्याच घरात!

१८ तारीख, मंगळवार

शोकेस लागली. लग्नाची जोडपी आणि उघडी बाळं काढून तिथे आता माझी चंद्रावरची माणसं. प्रत्येकाखाली एक ओळ लिहिली. नळवाल्यांच्या खाली "नाक वाचवा." बाईंच्या खाली "शांतता राखा." मधोमध सगळ्यात मोठा पप्पांचा, त्याखाली "हा गडी दचकत नाही."

सकाळपासून काचेवर नाकं चिकटलेली. नळवाले काका आपल्याच फोटोसमोर उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, "हा मी." जसं काही कुणाला ओळखू येणार नाही.

काका संध्याकाळी म्हणाले, "रविवारी एक वाढदिवस आहे. कॅमेरा तू घे." मी खरं काय ते समजायला त्यांना चिमटा काढला. त्यांना काढला, मला लागला असता.

पप्पा कामावरून येताना शोकेस बघून गेले. घरी येऊन माझ्या डोक्यावर टपली मारली. "काय लिहिलंयस गं, दचकत नाही?" म्हणाले. "वेडी." खूश होते. थोडे गप्प होते, पण खूश.

२० तारीख, गुरुवार

आज मोठं गिऱ्हाईक. वखारीचे मालक! पप्पांचे मालक हो. कुठल्यातरी कार्डासाठी फोटो हवा होता. आत यायच्या आधी शोकेसपाशी बराच वेळ उभे होते.

"हा आमचाच माणूस ना?"

"माझे पप्पा," मी म्हटलं, कॉलर नव्हती तरी ताठ केली.

"दचकत नाही म्हणजे?"

मग काय, मला तेवढंच हवं होतं. मी सगळं सांगितलं. चंद्र, चिमणी, शिट्टी, करून दाखवलं सुद्धा. "अगदी कानाशी, मालक! एवढ्या अंतरावर. दोनदा. काकांचा चहा सांडला, सायकलवाला थांबला, आणि आमच्या पप्पांची पापणी नाही हलली."

ते हसले नाहीत. "शिट्टी?" म्हणाले. "आमच्याकडे करवत थांबवायची असली की शिट्टीच मारतात."

"मग! रोजची सवय आहे त्यांना," मी म्हटलं. "म्हणून तर दचकले नाहीत."

फोटोला बसले तेव्हा त्यांचा चेहरा कसासाच झाला होता. मी म्हटलं, "मालक, जरा हसा." ते म्हणाले, "काढ बाई तू."

पप्पांचं नाव झालं वखारीत. घरी सांगितलं नाही, उद्या कळेलच त्यांना तिकडे.

२१ तारीख, शुक्रवार

पप्पा भर दुपारी घरी आले. डबा भरलेलाच.

मी जेवायला घरी आले होते म्हणून मला कळलं. ते खुर्चीवर बसले, बूट सुद्धा काढले नाहीत. आईने समोर जाऊन विचारलं, "काय झालं?" तोंड मोठं उघडून, सावकाश.

पप्पा म्हणाले, "करवतीवरून काढलं."

मालक स्वतः आले म्हणे. पप्पा ओंडका लावत होते. मालकांनी मागे उभं राहून शिट्टी मारली. मग पुन्हा मारली. सगळी वखार थांबली. पप्पांना काही माहीतच नाही, ते आपले काम करतायत. समोरचे सगळे आपल्याकडे बघतायत हे दिसलं तेव्हा ते मागे वळले, तर मालक. तोंडात शिट्टी.

"मला वाटलं, माझ्या पाठीला काही लागलंय," पप्पा म्हणाले. "मी पाठ झटकली."

माझ्या हातातला घास हातातच. मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे.

"पप्पांना ऐकू येत नाही?" मी विचारलं.

पप्पा दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

पुढचं लिहवत नाही.

२२ तारीख, शनिवार

आईला मागच्या पायरीवर गाठलं. कधीपासून, विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. आधी थोडं थोडं, मग पार. उजवा तर गेलाच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजतो का?"

भिजला नाहीच ना.

"तू घरात नसायचीस," आई म्हणाली. "असलीस की तोंड चालू. तुझ्यासमोर त्यांचं भागायचं. तुझं तोंड एवढं मोठं चालतं की वाचायला सोपं जातं, म्हणायचे."

दिवा. खांद्यावर हात. आवाज बंद टीव्ही. मी लोकांचे चेहरे बघणारी म्हणे! एक चेहरा रोज समोर जेवायला बसायचा.

तिन्हीसांजेला पप्पा खिडकीत उभे होते. मी पाठीमागे जाऊन म्हटलं, "पप्पा, मीच सांगितलं मालकांना. माझी चूक झाली." अगदी स्पष्ट म्हटलं. हलकं सुद्धा वाटलं. ते बाहेर बघत राहिले. मग डोक्यात उजेड पडला, की मी काय केलंय. माफीसुद्धा अशी मागितली, जिची पावती मिळणार नाही.

समोर गेले. पुन्हा म्हटलं.

"सावकाश," ते म्हणाले. "मशिनीसारखी नको बोलू."

सावकाश म्हटलं. त्यांनी मला विचारलं, मालकांना नेमकं काय सांगितलंस. मी शब्दन् शब्द सांगितला. रडत सांगत होते, त्यामुळे ओठ वेडेवाकडे, त्यांना कळेना, म्हणून परत. "अगदी कानाशी. पापणी नाही हलली." तिसऱ्यांदा ते वाक्य म्हणताना वाटलं, जीभ हासडून द्यावी.

पप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "शिट्टी? कुठली शिट्टी?"

"स्टुडिओत. फोटोच्या वेळी," मी म्हटलं.

"तिथे शिट्टी वाजवलीत? माझ्या मागे?"

"चिमणीने. दोनदा."

"मला वाटलं तुला उचकी लागली," ते म्हणाले. "तू अशी उडालीस! म्हणून मला हसू आलं."

आणि परत हसले. खरंच हसले. मग हसता हसता थांबले आणि आत गेले.

२३ तारीख, रविवार

वाढदिवसाला गेले. कॅमेरा माझ्या हातात होता. सगळे फोटो सरळ काढले. काका म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

शोकेसमधला पप्पांचा फोटो काल काढून घेतला. मध्ये मोठी पांढरी जागा. लोक विचारतात, वाघ कुठे गेला.

२४ तारीख, सोमवार

पप्पांना वखारीत फळ्या मोजायला बसवलंय, फाटकापाशी. मालकांनी अट घातली: कानाच्या डॉक्टरांनी ऐकू येतं असं लेखी दिलं, तर परत करवतीवर. नाही दिलं, तर कायमचं फाटक. पप्पा आईला म्हणाले, "मी पास होणार." परीक्षेला जाताना मी म्हणायचे तस्संच.

मी ठरवलं, काहीही करून त्यांना करवतीवर परत बसवायचं. म्हणून संध्याकाळी वखारीत लंबूकाकांकडे गेले. ते करवतीच्या पलीकडच्या बाजूला असतात, फळी धरून ओढतात. पप्पांच्या लग्नाआधीपासूनची जोडी. म्हटलं, तुम्ही मालकांना सांगा, इतके दिवस सांभाळलंत ना?

"सांभाळलं," लंबूकाका म्हणाले. "शिट्टी वाजली की मी मान हलवायचो, तो मला बघून थांबायचा. कुणाला पत्ता नाही."

"मग आताही तसंच करा."

त्यांनी शर्टाची बाही पुढे केली. कोपरापासून खाली नव्हतीच, फाटून गेलेली. "मागच्या महिन्यात. बाही अडकली, मी ओढला जायला लागलो. बोंबललो गं मी. तो खाली ओंडक्याकडे बघत होता. बाही टरकन फाटली म्हणून मी आहे."

मी तिथेच फळ्यांवर बसले.

"पप्पांना माहितीये?"

"सांगितलं नाही. रडला असता." ते बाहीशी चाळा करत राहिले. "तुझा बाप मला थोरल्या भावासारखा. त्याला मी कधी नाही म्हणालो नाही. पण शुक्रवारी मालकांनी शिट्टी मारली, तेव्हा मी मान हलवली नाही. बोटं माझी आहेत ना गं पोरी?"

२७ तारीख, गुरुवार

मी आणि पप्पा कानाच्या डॉक्टरांकडे. आई आली नाही, तिच्याने बघवणार नाही म्हणाली.

एक लहान खोली, तिला काच. पप्पा आत खुर्चीवर, कानांवर ते मोठे गोल, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेच्या अलीकडे टेबलाशी एक मॅडम, त्यांच्यासमोर यंत्र. मला मॅडमच्या शेजारी स्टुलावर बसवलं.

सुरू झालं. पप्पा दाबतायत. पुन्हा दाबतायत. मॅडमची भुवई वर गेली. "अरे वा, बरं येतंय की," म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. मनात म्हटलं, आई उगाच घाबरते.

आणि मग मला दिसलं.

मॅडमना खोड होती. यंत्राची कळ दाबताना हनुवटी जराशी खाली करायच्या. हनुवटी खाली, पप्पांचा अंगठा खाली. एकदा मॅडमनी नुसतीच शिंक आवरली. कळ दाबली नाही. पप्पांनी बटण दाबलं.

पप्पा कॉपी करत होते! माझे पप्पा, ज्यांनी मला कॉपीसाठी पट्टीने मारलं होतं. चेहरा इतका साळसूद, की माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं. माझाच चेहरा होता तो.

मॅडमना काही कळलं नव्हतं. आणखी थोडा वेळ गप्प बसले असते तर पप्पा पास. परत करवतीवर. घरात परत सगळं पहिल्यासारखं. मला कुणी काही म्हटलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा तीळ भिजला असता.

पण ती बाही. नसलेली.

मी उठले आणि मॅडमच्या आणि काचेच्या मध्ये जाऊन उभी राहिले. काचेकडे तोंड करून.

"अगं, बाजूला हो," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही चालू ठेवा," मी म्हटलं. "ते तुमच्याकडे बघून दाबतायत."

पप्पांना मॅडम दिसेनात. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. मीही तशी सरकले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मॅडमच्या कळा मागे टकटक वाजत होत्या. पप्पांचा अंगठा बटणावर तसाच. हलत नव्हता. डोळे मोठे झाले. पोराने भर बाजारात हात सोडल्यावर म्हाताऱ्या माणसाचे होतील तसे. मला पळून जावंसं वाटलं. नाही गेले.

बऱ्याच वेळाने, डाव्या कानाच्या वेळी, अंगठा एकदा दाबला गेला. मग आणखी एकदा.

डॉक्टरांनी करवत नाही म्हणून लिहून दिलं. डाव्याला यंत्र लावलं तर बोलणं ऐकू येईल म्हणाले. उजव्याचं काही होणार नाही.

बाहेर पडलो. पप्पा पुढे, मी मागे. रस्ताभर वळून बघितलं नाही त्यांनी. मी आपली त्यांच्या उजव्या बाजूने चालत होते, काहीबाही बोलत होते, लंबूकाकांच्या बाहीचं सुद्धा सांगून टाकलं. ते समोर बघून चालत राहिले. मग चौकात गाड्यांसाठी थांबलो, तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. मला वाटलं आता बसणार एक. त्यांनी मला ओढून दुसऱ्या बाजूला उभं केलं.

"ह्या बाजूने बोल," म्हणाले. "इकडून थोडं येतं."